शुद्धीचा अर्धा तास

“तोतो, जेवलास का?”

रोदेल हॉस्पिटलच्या खाटेचा कठडा धरून खालीच बसला. तीन दिवस आई कुणाला ओळखत नव्हती. आज तिनं डोळे उघडले आणि त्याला लाडक्या नावानं हाक मारली. संध्याकाळच्या विमानानं तो इलोइलोहून मनिलाला आणि तिथून जहाजावर जाणार होता. ख्रिसमसपर्यंत परत येणं नव्हतं.

म्हातारी आई, नानाय कॉन्सोर्सिया, थांबत थांबत बोलत राहिली. घराचं छप्पर, कोंबड्या. मग त्याच्याकडे बघत म्हणाली, “ख्रिसमसला रोव्हेनाला घेऊन ये. तिच्या पोरांनाही आण.”

खाटेच्या पलीकडे उभ्या असलेल्या मर्लिंदानं भावाकडे पाहिलं. रोदेलनं दोन मुलांच्या विधवेशी लग्न केलं, तेव्हापासून आईनं त्या बाईचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

डॉक्टर अर्लीन आल्या त्या नेमक्या तेव्हा. मर्लिंदा हसत पुढे झाली, आई बोलायला लागली म्हणून सांगू लागली. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी वाकून खाटेखालची लघवीची पिशवी पाहिली. दुपारी रिकामी केलेली पिशवी पुन्हा तट्ट भरली होती, आणि आत नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ पाणी. हातातला रक्ताचा रिपोर्ट त्यांनी पुन्हा वाचला आणि नर्सला सांगितलं की मिठाचं सलाईन बंद करा, साखरेच्या पाण्याची बाटली लावा आणि लघवी रोखायचं इंजेक्शन द्या.

“पाणी?” मर्लिंदाचा आवाज चढला. “पाण्यानंच तर हे झालं, डॉक्टोरा.”

ते खरंच होतं. ब्लडप्रेशरची गोळी अंगातलं मीठ काढत होती, अन्न जात नव्हतं, आणि ताप उतरावा म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून मर्लिंदाच आईला पेल्यामागून पेले पाणी पाजत होती. तीन दिवस ती स्वतःला दोष देत इथे बसली होती.

नर्स बाटली घेऊन आली, तसा रोदेल उठून मध्ये उभा राहिला. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. बोटीवरचा धिप्पाड माणूस, नुसता उभा राहिला तरी वाट बंद होत होती.

“पुन्हा गुंगी येईल तिला?”

“येऊ शकते.”

“मी जाईपर्यंत थांबा. तासाभराचा तर प्रश्न आहे.”

डॉक्टरांनी त्याला खिडकीशी नेलं. आईच्या रक्तातलं मीठ उतरत गेलं, तसं पाणी मेंदूच्या पेशींत शिरलं आणि त्या फुगल्या. फुटू नये म्हणून त्या पेशींनी आपल्या पोटातलं मीठ बाहेर टाकलं आणि कसाबसा तग धरला. आता लघवीवाटे नुसतं पाणी निघून जातंय, म्हणून बाहेरचं, रक्तातलं मीठ फार वेगानं चढतंय. आत पाणी धरून ठेवायला त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. सगळं बाहेर ओढलं जाईल आणि पेशी आक्रसतील, म्हणून पाणी देऊन ते मीठ थोडं खाली आणायचं. डॉक्टर हे सगळं हळू आवाजात सांगत होत्या, पण नजर त्या पिशवीवर होती.

“पण ती बोलतेय,” रोदेल म्हणाला.

“आज बोलतायत. असंच चालू दिलं, तर काही दिवसांनी बोलणं जाऊ शकतं. गिळणं, हातपायसुद्धा.”

“नक्की जाईल?”

“नक्की नाही. पण गेलं, तर मी ते परत आणू शकणार नाही.”

रोदेल खाटेकडे गेला. आई त्याच्याकडेच बघत होती. तिनं त्याची कॉलर ओढून सरळ केली. त्यानं आशीर्वादासाठी तिचा हात आपल्या कपाळाला लावला, थोडा वेळ तसाच धरला, आणि मग नर्सला वाट दिली.

बाटली थेंब थेंब उतरू लागली. आई आणखी काही बोलली, मग शब्द अडखळायला लागले, मग नुसते ओठ हलले. रोदेल निघाला तेव्हा ती झोपली होती. तिला हलवून जागं करू नकोस, असं मर्लिंदाला त्यानंच सांगितलं.

त्यानंतर मीठ चढलं, पण मुंगीच्या पावलानं. आठवडा उलटल्यावर एका सकाळी डॉक्टर अर्लीन आल्या. नानायला हात वर उचलायला लावले, नाव विचारलं, मग चमचाभर पाणी तोंडात घातलं. ती ठसकली नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदाच मोकळा श्वास सोडला.

“रोदेल कुठाय?” नानायनं खणखणीत आवाजात विचारलं.

“जहाजावर गेला,” मर्लिंदा म्हणाली.

“बघ. आईला न भेटताच गेला.”

“भेटला, नानाय. तू बोललीस त्याच्याशी.”

“मी? काय बोलले?”

मर्लिंदा घुटमळली. चादरीची घडी उगाच नीट करत राहिली. शेवटी म्हणाली, “ख्रिसमसला रोव्हेनाला आण म्हणालीस. पोरांनाही.”

 नानाय डॉक्टरांकडे वळली.

“हिच्याशिवाय कुणी ऐकलं?”

“मी तेव्हा तिथे नव्हते,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मी आले तेव्हा तुमच्या मुलाचे डोळे ओले होते.”

म्हातारीनं डोळे मिटले. पुन्हा झोप लागली असं वाटून मर्लिंदा पुढे झाली.

“ख्रिसमसच्या जेवणाला डुकराचं पिल्लू आत्ताच घेऊन ठेव, इन्दाय,” डोळे न उघडताच नानाय लेकीला म्हणाली. “ऐनवेळी चांगलं मिळत नाही.”