वरोरचा गुणी दगड

संशोधक विद्यार्थिनी पूर्वी हिचं संशोधन काळ्या दगडाची काच करण्याचं. सायवनहून आणलेला दगड भट्टीत सोडियम मिसळल्याशिवाय लवकर वितळायचं नावच घेईना. वरोरला तिने स्वतःच्या अंगणातून उचललेला मात्र काहीही न मिसळता झटक्यात वितळला, काचही झकास झाली.

"या दगडात सोडियम मुळातच आहे! चल, याचा खडक शोधू," म्हणत मार्गदर्शक सर तिच्यासोबत थेट वरोरला आले. अंगणात तिची आई जयवंती मासळी खारवत होती. पूर्वीने ऐटीत विचारलं, "आई, इथे पडलेला तो काळा दगड मूळचा कुठला गं?"



"तू नेलास होय तो? उगाच मी शेजारच्या पुतळीशी भांडले! तुझ्या जन्माआधीपासून मिठाच्या पिंपात मासळी दाबून बसायचा बिचारा."