कापसातली स्प्रिंग

"थांब, भाव वाढन," म्हणत राळेगावच्या घनश्यामभाऊंनी हंगामाचा सगळा कापूस घरातच आढ्यापर्यंत भरून ठेवला. कापसातल्या किड्यांनी घरदार अंग खाजवत होतं, पण भाऊ विकायचं नाव घेईनात.

एक दिवस रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक साफ करताना तिची धक्का झेलणारी स्प्रिंग हातातून सुटली अन् थेट कापसात जाऊन पडली. चार दिवस ढीग उपसून भाऊ रडकुंडीला आले.

"कापूस गाडीत भरा, आपोआप भेटन," बायको विमलताई म्हणाली.

कापूस विकला गेला, घर झाडून झालं, तरी स्प्रिंग मिळेना.



विमलताईने डाळीच्या डब्यातून चिंधीची पुरचुंडी काढली. "हे घ्या. पहिल्याच दिवशी भेटलती. गंजू नये म्हणून तेल लावून ठेवली."