उलटं पोस्टर
नववीला ग्राफिक डिझाइन विषय घ्यायचा तर फॉर्मवर वडिलांची सही हवी, आणि बाबा काही केल्या पेन उचलेनात. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली. छापील बोर्ड आले आणि ब्रश डब्यातच कडक झाले. “अक्षरांच्या नादी लागून माझं काय भलं झालं?” शेवटी बाईंनी त्यांना शाळेत बोलावून लेकीचं पोस्टर दाखवलं. बाबांनी ते भिंतीवरून उतरवून उलटं धरलं. “अहो, वरची बाजू खाली झाली,” बाई हसल्या. लेकीला मात्र कारण ठाऊक होतं. पाटी उलटी केली की शब्द वाचले जात नाहीत, अक्षरांमधल्या फटी तेवढ्या दिसतात. त्या जमल्या तरच बाबा पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव घालत. बाबांनी बराच वेळ निरखलं, मग लेकीपुढे पेन धरलं. “आधी कोपऱ्यात तुझं नाव घाल. मग सही करतो.”