प्रतिमाताईंचा अंगठा

जयपूरच्या त्या नवजात बाळांच्या वॉर्डात कुठल्या बाळाची तब्येत बिघडणार, हे प्रतिमा सिस्टरना मशीनच्या आधी कळायचं. पायाच्या तळव्याला नुसता अंगठा लावायच्या आणि डॉक्टरांना हाक मारायच्या. माणसं कामातून काय शिकतात, यावर पीएचडी करणारी वल्लरी वर्षभर वही घेऊन त्यांच्यामागे फिरली. दर बाळापाशी एकच प्रश्न, "ताई, नेमकं कसं कळलं?" ताई बिचाऱ्या आठवून आठवून सांगायच्या.

आज ती छापलेला प्रबंध दाखवायला आली, तर ताई एका काचपेटीपाशी घामाघूम उभ्या. बाळाच्या तळव्यावर अंगठा ठेवायच्या, उचलायच्या, पुन्हा ठेवायच्या.

"काय झालं, ताई?"

"काल सात नंबरचं बाळ गेलं गं. मला कळलंच नाही. पूर्वी हात लावला की बाळ सांगायचं. आता हात लावला की तुझा प्रश्नच ऐकू येतो."

त्यांनी वल्लरीचं मनगट धरलं आणि पेटीत ओढलं.

"तू लिहिलंयस ना सगळं? मग सांग, हे बरं आहे ना?"

मशीनवरचे आकडे ठीक होते. वल्लरीने अंगठा टेकवला. तळवा मऊ लागला, एवढंच.