अख्खा मका

"यात एकही गाय नाही?" आईंनी कठड्यातून आत डोकावत विचारलं.

"नाही आई. सगळे गोऱ्हेच आहेत."

"मग चालेल. ह्यांना गायीपेक्षा बैलांचंच कौतुक होतं."

हे म्हणजे अण्णा, नीलिमाचे सासरे. आज त्यांची तिथी. पितृपंधरवड्यातली तिथी नेमकी शनिवारी आली आणि नीलिमाची वीकेंडची ड्यूटीही. सकाळी बाल्कनीत कावळ्यासाठी ठेवलेलं पान खारीने उधळलं होतं. वडा घेऊन ती मेपलवर चढली, आणि तेव्हापासून आई कोणाशी बोलल्या नव्हत्या. म्हणून नीलिमाने त्यांना गाडीत घातलं. कॅनडातल्या गेल्फ गावाबाहेर दोन्ही बाजूंना उभा मका आणि मधे हा संशोधन केंद्राचा गोठा. आईंच्या नऊवारीवर लेकाचं, पुष्करचं, जाड जॅकेट, पायांत गोठ्यातले रबरी बूट आणि हातात स्टीलचा डबा. डब्यात गोग्रास.

त्या झाकण काढायला लागल्या तशी नीलिमा पुढे झाली.

"आई, थांबा. पोळी नाही घालता येणार."

"का? इथल्या वासरांना पोळीचं पथ्य?"

"पथ्यच समजा. ट्रायल चालू आहे. डावीकडच्यांना अख्खा मका, उजवीकडच्यांना भरडलेला. दुसरं काही पोटात गेलं की ते वासरू बाद."

"आणि बघायचं काय?"

"कुठला जास्त अंगी लागतो ते. भरडायला खर्च येतो. तो उगाच करतोय का, एवढंच."

"त्यात काय बघायचं? भरडलेलाच लागणार."

"तसं नाही ना. भरडलेला भसाभस खातात आणि मग पोट बिघडतं. अख्खा सावकाश चावत बसतात. पण त्याचे थोडे दाणे शेणातून तसेच बाहेर येतात. म्हणून शेण धुऊन चाळणीत बघायचं, किती वाया गेले."

आईंनी सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू शेण चाळतेस?"

"हो."

"आणि पुष्कर गावभर सांगत फिरतो, बायको सायंटिस्ट आहे."

"सायन्सच आहे ते, आई."

आई हसल्या. खारीनंतर पहिल्यांदाच. मग त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं आणि तो जॅकेटच्या खिशात कोंबला.

"मग ह्यांचा घास?" आवाजात तक्रार नव्हती. "कावळा नाही मिळाला, गाय नाही. तिकडे ताटकळत बसले असतील. जेवायला उशीर झालेला त्यांना कधी खपला नाही."

 नीलिमाने दोन्ही मक्यांच्या बादल्या आईंसमोर आणून ठेवल्या.

"मका चालेल? वासरांच्याच वाट्याचा. आधी काट्यावर ठेवू, म्हणजे हिशेब चुकणार नाही."

"घासही मोजून?"

"मोजूनच."

आईंनी भरडलेल्या मक्याच्या बादलीत हात घातला. हात पिठूळ होऊन वर आला. बोटं एकमेकांवर घासत त्या तशाच उभ्या राहिल्या.

"शेवटचं वर्षभर मी ह्यांना असंच घालत होते," त्या म्हणाल्या. "सगळं मिक्सरमधून. वरणभातसुद्धा. चमचा नेला की मान फिरवायचे. म्हणायचे, दाताखाली काहीतरी येऊ दे गं."

त्यांनी हात बादलीतच नीट झटकला, बोटांच्या बेचक्यांतलं पीठसुद्धा. मग दुसऱ्या बादलीतून मूठभर अख्खे दाणे उचलले, नीलिमाने पुढे केलेल्या काट्यावर ठेवले, आणि आकडा लिहून होताच परत घेतले.

डावीकडच्या कठड्याशी एक तांबडा गोऱ्हा आधीच येऊन उभा होता. कपाळावर पांढरा चट्टा, कानात पिवळा बिल्ला. आईंनी उजव्या मुठीतले दाणे गजांमधून आत नेले, डोळे मिटले आणि काही पुटपुटू लागल्या.

घरी नीलिमा आजवर एवढंच सांगत आली होती, की मी वासरांच्या खाण्याचं बघते. आईंनी त्यापुढे कधी विचारलं नव्हतं. आजही त्या विचारत नव्हत्या. पाच मिनिटं गप्प राहिलं असतं तर सगळं होऊन गेलं असतं.

"आई."

"हं."

"ही वासरं कामाची नाहीत. म्हणजे, शेतीच्या कामाची. मांसासाठी वाढवतो आम्ही यांना. मार्चमध्ये जातील."

आईंनी डोळे उघडले. हात बाहेर आला, मूठ मिटलेली. गोऱ्ह्याने मान लांब केली आणि रिकामा गज चाटला. मागे बाकीचे मका चावत होते. 

"सगळी?"

"सगळी."

"हासुद्धा?"

"हासुद्धा."

नीलिमा रिकाम्या काट्याकडे बघत राहिली. आता डबा तसाच घेऊन घरी जावं लागणार, आणि संध्याकाळी पुष्करला काय सांगायचं, हे ती मनात जुळवायला लागली होती.

आई गोऱ्ह्याकडे बघत होत्या. तोही त्यांच्या मुठीकडे बघत होता.

"मार्च म्हणजे फार लांब नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मूठ पुन्हा आत नेली आणि उघडली. "ह्याच्याहून लवकर दुसरं कोण पोचवणार?"

गोऱ्ह्याची खरखरीत जीभ तळव्यावरून फिरली. आईंनी डाव्या हाताने त्याचा कान धरला, पिवळा बिल्ला बाजूला केला आणि निरोप्याला बजावावं तसं वाकून म्हणाल्या,

"भरडलेला नाही, सांग त्यांना. सावकाश चावून खा म्हणावं."