फणेरपेटी

"केसांचा गोळा? अहो, पण तिच्या डोक्यावर केसच कुठे आहेत!"

जगदेवराव जवळजवळ ओरडलेच. रिसाल्यात वीस वर्षं घोड्यावर काढलेला माणूस, पण इस्पितळाच्या त्या खोलीत त्यांचा आवाज चिरकला. खाटेवर त्यांची सात वर्षांची अनसूया पडली होती. हातापायाच्या काड्या, डोक्याचा चकोट केलेला, आणि फासळ्यांखाली वर आलेला टणक गोळा. तीन दिवस पाण्याचा घोटही तिच्या पोटात ठरत नव्हता.

डॉक्टर लक्ष्मीकांतांनी गोळ्यावरचा हात काढला नाही. "केस खायची का ही?"

"खायची. आई गेली तेव्हा वेणीचं टोक चघळत बसायची. म्हणून तर दर महिन्याला न्हावी बोलावतो. दीड वर्ष झालं, बोटभर केस वाढू दिला नाही मी."

आपलं काही चुकलं नाही, असं कुणीतरी म्हणावं म्हणून ते डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले. वैद्याचं एरंडेल झालं, हजिऱ्याच्या पिराचा ताईत झाला. हकिमाने तर बकऱ्याच्या पोटातून निघालेला जहरमोहरा खडा गुलाबपाण्यात उगाळून चाटवला होता. गोळा तसूभर हलला नव्हता.

"पोट उघडावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "वाचेलच असं मी म्हणत नाही. पण नाही उघडलं तर दोन दिवसांत सगळं संपून जाईल."

जगदेवरावांनी हात जोडले. "उघडा. पण मला ही एकच आहे हो, डॉक्टरसाहेब."

आत नेताना पोरीने त्यांचं बोट धरलं. "आबा, माझी पेटी?"

"घरी आहे. तू उठ, मी घेऊन येतो."

"शपथ?"

"शपथ."

दार लागलं. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास व्हरांड्यापर्यंत येत राहिला. बाड्याच्या चौकातल्या घड्याळाचे दहाचे टोले पडले, मग अकराचे. जगदेवरावांनी कुलदैवताला नवस केला, हजिऱ्याच्या पिरालाही पुन्हा केला. शेवटी देवाशी सरळ सौदाच मांडला, की मला उचल आणि तिला ठेव. कुणीही हो म्हणालं नाही.

दार उघडलं तेव्हा डॉक्टर घामाने निथळत होते. "आहे. श्वास चालू आहे तिचा," ते म्हणाले आणि त्यांनी इनॅमलचं तसराळं पुढे केलं. "हे बघा."

तसराळ्यात काळा, बुळबुळीत, कुबट वासाचा गोळा होता. डॉक्टरांनी चिमट्यात त्यातला एक केस धरून ओढला. तो हातभर आला, तरी संपेना.

"हे पोरीचे नाहीत. बाईचे आहेत. घरात कोण बाई आहे?"

"कुणी नाही," जगदेवराव म्हणाले. आणि मग त्यांना त्या केसांत अडकलेला लाल दोरा दिसला.

अनूची आई विंचरताना निघालेले केस कधी फेकायची नाही. त्या गुंतवळीच्या गुंडाळ्या करायची, वर लाल दोरा बांधायची आणि आपल्या फणेरपेटीत, फणीकुंकवाशेजारी, ठेवायची. पोरीच्या लग्नात याचंच गंगावन करू, म्हणायची. पेटी गच्च भरली होती. ती गेल्यावर पोर रडून रडून झोपेना, तेव्हा ती पेटी तिच्या उशाशी जगदेवरावांनीच ठेवली होती. "रडू नको, बाळ. आई यात आहे बघ," असंही तेच म्हणाले होते.

त्यांनी बोटाने तो लाल दोरा केसांतून सोडवला.

"घरात असले केस उरले असतील तर आजच्या आज जाळून टाका," डॉक्टर सांगत होते. "पुन्हा गिळले तर हे पोट दुसऱ्यांदा उघडता येणार नाही मला."

"जाळतो," जगदेवराव म्हणाले. एकदा अनूच्या आईला जाळून आलेच होते ते.

दुपार कलली तेव्हा अनसूयेने डोळे उघडले. ओल्या कापसाने जगदेवराव तिचे ओठ टिपत होते. तिचा हात पोटावरच्या पट्ट्यांपर्यंत गेला, काहीतरी चाचपत राहिला आणि थांबला.

"आबा, इथलं गेलं?"

त्यांनी मान डोलावली.

तिने पुन्हा त्यांचं बोट धरलं. मग अगदी हळू, त्यांचीच समजूत घालावी तसं म्हणाली, "असू दे. पेटीत अजून थोडी आई उरली आहे ना?"