दर्शनी फलक

"उघडा दार! फलक वाचूनच आलोय, माझी बायको इथंच आहे!" दारावर कोयत्याचे घाव घालीत तो ओरडला.

नवऱ्यांच्या मारातून सुटलेल्या बायकांचे हे आश्रयगृह आजवर बिननावाच्या दारामागे सुरक्षित होते. धर्मादाय संस्थांना दर्शनी फलक सक्तीचा करणारे विधेयक अद्याप मसुद्यातच होते; आज्ञाधारक अध्यक्षांनी मात्र पितळी फलक ठोकूनही घेतला होता. तेव्हा ते म्हणाले होते, "हरकत कसली घेता, प्रमिलाताई? पारदर्शकता हवीच!"

दार फुटले. बायकोवरचा वार अधीक्षिका प्रमिलाताईंनी स्वतःच्या खांद्यावर झेलला आणि निखळलेला फलक उचलून त्याच्या कपाळावर हाणला. तो कोसळला.

धापा टाकत आलेले अध्यक्ष आधी फलकावरचे रक्त पुसू लागले.

"राहू द्या," प्रमिलाताई म्हणाल्या. "सरकारनं हरकती मागवल्यात ना? हीच पाठवा."